चढ आला की उतरायचं

काका सायकलवर निघताना टाय बांधत. गडद हिरवा, लोकरीचा टाय, आणि त्याच्या टोकाला एक काळपट डाग. हा डाग इंग्लंडात, श्रॉपशरमधल्या कुठल्याशा खेड्यात ब्लॅकबेरीचा जॅम सांडून पडला होता आणि तो त्यांनी मुद्दाम धुतला नव्हता. डोक्यावर टोपी, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, सायकलीला पुढे वेताची टोपली, टोपलीत थर्मास, चिवड्याचा डबा आणि दोन केळी. न्यू जर्सीच्या रस्त्यावर असा माणूस दिसला की गाड्या आपोआप हळू होत. काही जण काच खाली करून काहीतरी ओरडत. काका प्रत्येकाला उजवा हात वर करून गुड मॉर्निंग म्हणत, शिवी देणाऱ्यालासुद्धा. मला सुरुवातीला वाटे, यांना शिवी कळत नाही. कळत होती.

आम्ही तेव्हा एडिसनला ओक ट्री रोडच्या मागच्या बाजूला दुमजली अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी पुण्याहून आले होते आणि माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा सकाळी सातच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जाई आणि संध्याकाळी सातला परत येई. मला गाडी चालवता येत नव्हती. फुटपाथ कॉम्प्लेक्सच्या फाटकापाशीच संपत असे आणि पुढे सगळा रस्ता गाड्यांचा. पुण्यात मी दहा वर्षं सायकलवरून शाळा-कॉलेजला गेलेली मुलगी, इथे दूध संपलं तरी नवऱ्याची वाट बघत बसायची. पहिल्या वर्षी मी दिवसाला किती कमी बोलत होते हे आईचा फोन आला की कळायचं. आवाज बसल्यासारखा यायचा.

काका आमच्या समोरच्या इमारतीत मुलाकडे राहत. वय साठीचं. मूळचे नागपूरजवळच्या एका खेड्यातले. तरुणपणीच इंग्लंडला गेले आणि मध्य इंग्लंडातल्या एका गावी बसडेपोत मेकॅनिक म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. बायको गेल्यावर मुलाने त्यांना अमेरिकेत आणलं. तीस वर्षांचा संसार मोडून ते आले ते एक ट्रंक आणि दोन सायकली घेऊन. एक त्यांची, एक काकूंची.

एका दुपारी ते हिरवळीवर काकूंची सायकल उलटी उभी करून साखळीला तेल घालत होते. मी जाता जाता थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, किती छान लेडीज सायकल आहे. त्यांनी वर न बघता मराठीत विचारलं, "येते का चालवता?" मी हो म्हटलं. मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. ती अशी, की पार्किंग लॉटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जितकं हळू जाता येईल तितकं हळू जायचं, पाय न टेकता. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलिंगची शर्यत असायची आणि मी ती दोनदा जिंकले होते. मी मुंगीच्या पावलाने गेले. अर्ध्या वाटेवर एका बाईने हॉर्न वाजवला, तरी पाय टेकला नाही. परत आले तेव्हा काका हाताला लागलेलं तेल पुसत उभे होते. म्हणाले, जोरात तर कोणीही चालवते. शनिवारी आठ वाजता तयार राहा.

चार वर्षं त्या सायकलीवर कोणी बसलं नव्हतं, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.

शनिवारी मुलगा-सून खरेदीला जात, माझा नवरा आठवड्याची झोप काढी आणि आम्ही दोघं निघत असू. रॅरिटन नदी ओलांडून जुन्या कालव्याच्या काठाकाठाने. तिथे पूर्वी बोटी ओढणारी खेचरं चालत असत, ती वाट आता मोकळी होती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला झाडी, मधेच दगडी पूल, पुलापाशी एखादं पांढरं लाकडी घर. काका म्हणत, हा भाग बराचसा आमच्या तिकडच्यासारखा आहे. तिकडच्यासारखा म्हणजे इंग्लंडसारखा. नागपूरला ते "गाव" म्हणत, अमेरिकेला "इथं", आणि "आमच्या तिकडं" हे शब्द फक्त इंग्लंडमधल्या त्या खेड्यांसाठी राखलेले होते.

कालव्यापर्यंत पोचायलाच तास लागे. मुलाने गाडीच्या मागे सायकली अडकवायचा स्टँड आणला होता. काकांनी तो बघितला आणि म्हणाले, घोड्याला बैलगाडीत बसवून फिरायला नेतात का? स्टँड कपाटात गेला.

त्यांचे नियम होते. मागून येणाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, इतक्याच वेगाने जायचं. मैल मोजायचे नाहीत. अकरा वाजले की जिथे असू तिथे थांबून चहा घ्यायचा, मग ते पेट्रोल पंपासमोर का असेना. रस्ता माहीत असला तरी माणूस दिसला की विचारायचा. आणि चढ आला की उतरायचं. या शेवटच्या नियमावरून मी त्यांच्याशी वाद घातला. पंचविशीची मी, मला चढ चढता येत होता आणि चढायचाही होता. एकदा मी न उतरता पुढे गेले आणि वर जाऊन त्यांची वाट बघत उभी राहिले. ते दहा मिनिटांनी सायकल हाताने ढकलत आले आणि मला विचारलं, खालच्या कुंपणापाशी कोल्हा उभा होता, पाहिला का? मी नव्हता पाहिला.

"चढावर दम लागला की माणूस आपल्याच छातीकडं पाहते," ते म्हणाले. "आजूबाजूचं मग कोण पाहणार? घाई कायले करून राहिली तू? गावं काही पळून जात नाहीत."

इंग्लंडच्या गोष्टी ते सायकल ढकलतानाच सांगत, बसून कधी नाही. लेन म्हणजे आपली गल्ली नव्हे, हे मला त्यांनी शिकवलं. दोन्ही बाजूंना डोक्याइतकी उंच झुडपांची कुंपणं, मधे एक गाडी कशीबशी जाईल एवढीच वाट. ट्रॅक्टर आला की सायकल उचलून कुंपणात घुसायचं आणि ट्रॅक्टरवाल्याने टोपीला हात लावला की आपणही लावायचा. ओढ्यावर पूल नसे, रस्ता सरळ पाण्यातून जाई. गावांच्या पाट्या लाकडी हाताच्या, आणि एकाच गावाकडे दोन वेगळ्या दिशांना बोट दाखवणाऱ्या. डेपोतल्या म्हाताऱ्या मेकॅनिक लोकांचा एक सायकल क्लब होता. दर रविवारी पंधरा-वीस जण निघत. काका त्यात एकटेच हिंदुस्थानी आणि चहाचे सेक्रेटरी.

एक सवय मात्र मला फार अवघड वाटे. ते अनोळखी लोकांच्या दारात जाऊन पाणी मागत. दर शनिवारी एकदा तरी. थर्मासमध्ये चहा, वाटेत उद्यानातले नळ, पण नाही. एखादं घर निवडायचे, सायकल कुंपणाला टेकवायचे, टाय नीट करायचे, दार वाजवायचे आणि पाणी मागायचे. काही लोक दार उघडत नसत. काही जण उघडत आणि चक्रावून आतून पाणी आणत. मी रस्त्यावरच उभी राहायचे, आपला काही संबंध नाही अशी. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "त्यांना एक बाटली देत जा ना यार भरून."

मी खरंच बाटली दिली. काकांनी ती टोपलीत ठेवली आणि पुढच्या गावात परत एक दार वाजवलं.

मग एकदा एका लांब चढावर, मी न विचारता, त्यांनी सांगितलं. इंग्लंडला गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात क्लबबरोबर जाताना त्यांची साखळी तुटली. बाकीचे पुढे निघून गेले. ऊन होतं, तहान लागली होती, आणि लेनच्या वळणावर एकच घर. बराच वेळ ते फाटकाशी उभे राहिले. त्यांच्या गावात त्यांच्या आईला विहिरीपाशी असं उभं राहावं लागे, कोणी वरून ओंजळीत पाणी घालीपर्यंत. शेवटी दार आपोआपच उघडलं. एक म्हातारी बाई होती, हाताला पीठ लागलेलं. तिने काचेचा ग्लास भरून दिला. काका पाणी प्यायले आणि सवयीने त्यांनी ग्लास उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला. बाईने तो उचलला, आत नेला, नळाखाली धरला आणि फळीवर इतर ग्लासांच्या रांगेत ठेवून दिला. खिडकीतून सगळं दिसत होतं.

"मी पाहतच राहिलो," काका म्हणाले. "तिले वाटलं, मले अजून पाणी पाहिजे."

घरी येऊन त्यांनी हे काकूंना सांगितलं. काकूंचा विश्वास बसेना. त्या म्हणाल्या, मले ते घर दाखवा. तिथे बस जात नव्हती. मग काकू सायकल शिकल्या. मोजे विणण्याच्या कारखान्यातली पाळी संपवून, रोज संध्याकाळी, डेपोच्या मागच्या आवारात, आठ आठवडे. साडीचा ओचा बांधून सुरुवात केली आणि गुडघे फुटल्यावर काकांची पँट घातली. नवव्या रविवारी दोघं त्या घरी गेले आणि काकूंनी स्वतः पाणी मागितलं. त्यानंतर पंचवीस वर्षं, दर उन्हाळ्यात, त्या प्रांतातल्या किती दारांत त्या दोघांनी पाणी मागितलं याची गणती नाही. तहान असायचीच असं नाही, काका म्हणाले.

तो चढ संपला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण पुढच्या शनिवारी त्यांच्याबरोबर फाटकातून आत गेले आणि दारापाशी उभी राहिले. त्याचं मला तेव्हा बरंच कौतुक वाटलं होतं. माझं मला.

काका संतपुरुष नव्हते. हट्टी होते, सुनेने केलेली भाजी त्यांना कधी आवडली नाही आणि ते तिला तसं सांगत. मुलगा इंग्लंडमध्ये जन्मला होता, त्याचं मराठी मोडकं होतं, आणि त्यावरून काका त्याला चारचौघांत बोलत. मुलगा "ओके बाबा" म्हणून उठून जाई. ज्या माणसाला रस्त्यावरच्या शिवीला गुड मॉर्निंग म्हणता येत होतं, त्याला घरात एक शब्द सोसत नसे.

आणि इंग्लंडच्या गोष्टींतही सगळं सांगत नव्हते. एकदा कालव्यापासून थोडं आत, घोड्यांच्या एका कुरणापाशी आम्ही थांबलो होतो. काका लाकडी कुंपणावर हात ठेवून एका पांढऱ्या घोडीशी मराठीत बोलत होते. पाच मिनिटांत पोलिसांची गाडी आली. घरातल्या कोणीतरी फोन केला होता की दोन अनोळखी माणसं कुंपणाशी उभी आहेत. पोलीस तरुण होता, उद्धट नव्हता, पण हात कमरेवरून हलवत नव्हता. त्याने ओळखपत्र मागितलं. काकांनी लायब्ररीचं कार्ड दिलं. त्याने ते उलटंपालटं करून बघितलं. काकांनी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला आणि पुढे निघा म्हणाला. एवढंच झालं. पण पुढच्या पुलावर काका थर्मासमधून चहा ओतायला लागले तेव्हा अर्धा चहा बाहेर सांडला. मी थर्मास त्यांच्या हातून घेतला. ते म्हणाले, आमच्या तिकडंही अशी गावं होती. दगड मारायची पोरं होती. मी तुले फक्त चांगली गावं सांगतो.

दुसऱ्या वर्षी माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. माझ्यावर त्यांचा जीव होता. मला कंटाळा येतो म्हणून त्यांनीच मुलाला टोकून मला ड्रायव्हिंगच्या क्लासला घालायला लावलं. शनिवारी मी एका परक्या म्हाताऱ्या गृहस्थाबरोबर सायकलवर फिरते हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं, पण त्या एवढंच म्हणाल्या की त्यांना एकदा वर तर बोलाव.

त्या शनिवारी मला उशीर झाला होता. काकांनी खालून घंटी वाजवली. सासूबाईंनी खिडकीतून त्यांना वर यायला सांगितलं. काका आले, बूट दाराशी काढले, सोफ्यावर बसले. सासूबाईंनी पुण्यात विचारतात तसं विचारलं, मूळचे कुठले, आडनाव काय. काकांनी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि आपण वीस वर्षांचे असताना वडिलांबरोबर नागपूरला दीक्षा घेतली हेही सांगितलं. ते हे नेहमीच सांगत, आवाज न चढवता आणि न उतरवता. सासूबाई म्हणाल्या, हो का, छान. मग काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, घोटभर पाणी मिळेल का.

त्या घराचं स्वयंपाकघर उघडंच होतं. सोफ्यावरून ओटा दिसायचा. मी कपाट उघडलं. आत माझ्या लग्नातले स्टीलचे पेले होते, नाव घातलेले. एक उचलला. सासूबाई माझ्या मागे आल्या होत्या. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अगं, ते कागदाचे ग्लास आहेत ना वर, त्यातला दे. धुवायला नकोत."

महिन्याभरापूर्वी कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस आमच्याकडे झाला होता, त्यातले उरलेले ग्लास. त्यांवर फुग्यांची चित्रं होती. मी पेला परत ठेवला, कपाट लावलं, कागदाचा ग्लास घेतला, पाणी भरलं आणि काकांच्या हातात दिलं.

त्यांनी ग्लासकडे बघितलं. पाणी सगळं प्यायले. मग विचारलं, कचऱ्याचा डबा कुठं आहे. मी हात पुढे केला, पण ते स्वतः उठले, ओट्यापाशी आले, डब्याचं झाकण उघडलं आणि ग्लास त्यात टाकला. म्हणाले, चल, उशीर होऊन राहिला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "चांगले आहेत हो गृहस्थ. वाटत नाही." मी स्वतःला समजावत होते की अमेरिकेत सगळेच कागदाच्या ग्लासातून पाणी पितात, की त्या खरंच धुण्याच्या कंटाळ्यानेच म्हणाल्या असतील. त्याच सकाळी त्यांनी आम्हा तिघांचा चहा स्टीलच्या पेल्यांत दिला होता आणि मीच ते धुतले होते.

पुढचे तीन शनिवार काका वर आले नाहीत. खाली उभे राहून घंटी वाजवत. आम्ही जात असू, चहा घेत असू, चढावर उतरत असू. पण त्यांनी टोपलीत मी दिलेली बाटली आणायला सुरुवात केली होती. एकाही दारात ते थांबले नाहीत. चौथ्या शनिवारी पुलाजवळच्या एका पांढऱ्या घरातल्या म्हातारीने, जी त्यांना आता ओळखायची, व्हरांड्यातून हाक मारली आणि हातानेच विचारलं, पाणी हवं का. काकांनी टोपीला हात लावला आणि पुढे गेले.

तेव्हा मला राहवलं नाही. पुलावर मी सायकल आडवी घातली आणि म्हणाले, काका, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका, सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत, त्यांच्या वतीने मी माफी मागते.

काका सायकलीवरून उतरले. त्यांनी टाय सैल केला, जे ते कधीच करत नसत.

"तुझ्या सासूबाईचं मले काही वाटलं नाही," ते म्हणाले. "त्या मले ओळखत नाहीत. कपाट तर तू उघडलं होतं. मी पाहत होतो. पेला हातात घेतला होता तू. मग ठेवून देला."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही आणि रागावलेही नाहीत. कालव्यातून एक कासव जात होतं, त्याच्याकडे बघत उभे राहिले. माझं रडणं संपल्यावर म्हणाले, चल. एवढंच. आम्ही घरी आलो.

त्याच्या पुढच्या शनिवारी ठरल्या वेळी घंटी वाजली. मी खाली गेले. काकांनी माझ्या मागच्या चाकातली हवा बोटाने दाबून बघितली आणि विचारलं, "तुम्ही हवा भरली का?"

मला आधी वाटलं, माझ्या मागे कोणी आहे.

त्यानंतर ते मला तुम्हीच म्हणत राहिले. अतिशय सभ्यपणे. तुम्ही पुढं व्हा. तुम्ही चिवडा घ्या. तुमचं ड्रायव्हिंगचं काय झालं? आवाजात कुठेही टोचणी नव्हती, असती तर मी भांडले असते. पूर्ण उन्हाळा आणि पानगळीचे दोन महिने आम्ही जात राहिलो. चढावर आता ते पाऊस आणि पानांचे रंग यांबद्दल बोलत. इंग्लंडचं एकही गाव त्यांनी मला परत सांगितलं नाही. मी एकदा विचारलं की त्या ओढ्यातून जाणाऱ्या रस्त्याचं नाव काय होतं. ते म्हणाले, विसरलो. ते काही विसरणारे नव्हते.

थँक्सगिव्हिंगच्या आधी मुलाची नोकरी टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या अर्विंगला हलली. निघायच्या आदल्या दिवशी काका हिरवळीवर सायकली बांधत होते. हँडल सोडवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन मोठ्या खोक्यांत. मी काकूंची सायकल पुसून, तेल घालून नेऊन दिली. मनात होतं की ते म्हणतील, राहू दे तुझ्याकडे. ते म्हणाले, तुम्ही फार छान ठेवली. दोघी बरोबर आल्या होत्या, बरोबर जातील.

मला तोवर लायसन्स मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना माझ्या गाडीतून विमानतळावर सोडायची तयारी दाखवली. टॅक्सी आधीच ठरली होती.

अर्विंगला मी दर शनिवारी फोन करत असे. फोन त्यांची सून उचले. नागपूरचीच मुलगी, माझ्याच वयाची, एका औषधांच्या दुकानात काम करी. ती मला ताई म्हणे. पहिल्या शनिवारी तिने सांगितलं, बाबा सायकलवर गेले. दुसऱ्या शनिवारीही तेच. मी विचारी, तिथे रस्ते कसे आहेत, ऊन फार असेल ना? ती म्हणे, हो, सकाळी लवकर जातात. सोबत कोणी मिळालं का? ती म्हणे, नाही, एकटेच. मी परत फोन करायला सांगा असा निरोप ठेवी. फोन येत नसे. पण मला त्याचं वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटायचं. माझ्या डोळ्यांसमोर टाय बांधून टेक्सासच्या कुठल्याशा रस्त्याने हळूहळू जाणारे काका यायचे. वाटायचं, चला, सायकल तर सुटली नाही. आणि कुठेतरी एखाद्या दारात ते परत थांबायला लागले असतील. दीड वर्षात मी किती वेळा फोन केला असेल देव जाणे. त्यांचा आवाज एकदाही ऐकला नाही.

मग एका मंगळवारी मुलाचा फोन आला. म्हणाला, "बाबा गेले. झोपेतच. सॅटर्डेला सगळे जमतोय. यू शुड कम, तुम्ही त्यांच्या एकट्या फ्रेंड होत्या इथे."

मी गेले. अर्विंगमधल्या आपल्या लोकांनी एक हॉल घेतला होता. पुढे बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मध्ये काकांचा फोटो, टायमधला. वंदना झाली. मग एकेक जण काकांबद्दल बोलला. बहुतेकांनी त्यांना शेवटच्या वर्षातच बघितलं होतं. कमी बोलणारे, शिस्तीचे, असं सगळे म्हणत होते. मुलाने माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठले. टाय, अकराचा चहा, पोलिसाला दाखवलेलं लायब्ररीचं कार्ड, कोल्हा, सगळं सांगितलं. लोक हसले. काही बायकांनी डोळे पुसले. इंग्लंडमधल्या त्या म्हातारीचा ग्लासही सांगितला. त्यानंतर माझ्या घरातलं सांगायचं होतं. मी ते ठरवूनच विमानात बसले होते. समोर पहिल्या रांगेत त्यांची सून बसली होती, तिच्या मांडीवर फुलांचं तबक होतं. मी थांबले. सगळ्यांना वाटलं मला भरून आलं आहे. कोणीतरी उठून माझा हात धरला आणि मला खुर्चीपर्यंत आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझं विमान होतं. मुलगा कुणाला तरी सोडायला गेला होता. सून मला काकांची खोली दाखवायला घेऊन गेली. पलंग, टेबल, भिंतीवर काकूंचा फोटो. कपाट उघडलं तर कपड्यांच्या खाली दोन मोठी खोकी आडवी ठेवलेली. त्यांवरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. काकांनी एडिसनच्या हिरवळीवर माझ्या देखत लावलेली, कडा बोटाने दाबून बसवलेली.

मी तिला विचारलं, सायकली उघडल्याच नाहीत?

ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, नाही, ताई. आल्यापासून एकदाही नाही. उन्हाचं म्हणत, गुडघ्याचं म्हणत. आम्ही खूप आग्रह केला.

मग शनिवारी मी फोन करायचे तेव्हा, मी म्हटलं.

तिने पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "घरीच असायचे ते. फोन वाजला की स्वतःच उठायचे, ताई. मी स्वयंपाकघरातून पाहायची ना. फोनपर्यंत जायचे, हात लावायचे. मग माझ्याकडं पाहायचे आणि म्हणायचे, तू घे. सांग, सायकलवर गेले."

मी विचारलं, प्रत्येक वेळी?

"प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "आणि तुमचं बोलणं होईपर्यंत तिथंच उभे राहायचे."